मासोळ्यांचं पाणी

वामनजींनी पहिल्याच भेटीत मला सांगितलं, की माझा डावा खांदा उजव्यापेक्षा दीड बोट खाली आहे. सौसरच्या बाजारओळीत त्यांच्या फोटो स्टुडिओला लागून असलेला गाळा मी नुकताच घेतला होता. शिलाईची मशीन अजून टेम्पोतून उतरायची होती. हे गृहस्थ आपल्या दारात उभे राहून, डोकं जरा कलतं करून माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता शेजारधर्म म्हणून चहाचं विचारतील.

"बाई, खांदा वाकडा हाय तुमचा," ते म्हणाले. "अन् दुसऱ्याईचे ब्लाऊज सरळ शिवान तुमी?"

बावीस वर्षं मी त्या शेजारात काढली. तेवढ्या वर्षांत त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. "ओ खांदा" म्हणायचे, गिऱ्हाइकासमोरसुद्धा. माझं नाव शोभा आहे आणि ते दुकानाच्या पाटीवर चांगलं फूटभर अक्षरात रंगवलेलं होतं. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. वामनजी गेले त्याला आता वर्ष होत आलं. मी पुष्कळ आठवून पाहिलं. लिहिता लिहिता काही चांगलं सापडलं तर तेही लिहीन, लपवणार नाही.

दिसायला माणूस देखणा होता, हे कबूल केलं पाहिजे. उंच, सरळ नाकाचा, सत्तरीला टेकला तरी डोक्यावर दाट केस. पांढरा सदरा आणि पांढराच पायजमा. त्यांचे पायजमे मीच शिवत असे, त्यामुळे मापं मला पाठ आहेत. लोकांना जो रुबाब दिसायचा त्यातला निम्मा आत ओढून धरलेल्या पोटाचा होता. माप घेताना ते श्वास सोडायचे नाहीत. मी मुद्दाम टेप धरून उभी राहायची, कधी सोडतात बघू म्हणून.

स्टुडिओचं नाव 'वर्षा फोटो स्टुडिओ'. मुलगी जन्मली त्या वर्षी काढला, म्हणून तिचं नाव. पण पाटीवर नाव लावलं म्हणजे लाड केले असं नाही. एके काळी अर्ध्या सौसरचे चेहरे त्या काळ्या पडद्यामागच्या कॅमेऱ्यासमोरून गेले. लग्नाच्या मुलींचे, नोकरीच्या अर्जांचे, मेलेल्यांचे. वामनजी कधी कोणाला "हसा" म्हणाले नाहीत. जवळ यायचे, दोन बोटांनी हनुवटी उचलायचे आणि जे असेल ते सांगून टाकायचे. "कान पंख्यासारखे हाय तुमचे, केस मोकळे सोडा." "हा डोळा झोपलेला हाय, जन्मापासून हाय का मार बसला?" दाखवायच्या फोटोसाठी आलेल्या पोरी आत जाताना पावडर लावून जायच्या आणि बाहेर येताना पावडरीवरून ओघळ आलेले असायचे. तरी लोक तिथेच जायचे, कारण उजेड कुठून घ्यायचा हे त्या माणसाला कळत होतं. बाकीचे फोटोवाले पोरीला गोरी करायचे. हे आहे तशी उतरवायचे, आणि आहे तशी उतरल्यावरही ती बरी दिसायची. हे चांगलं सापडलं. लिहून टाकलं.

त्यांची बायको गेली तेव्हा वर्षा तेवीस वर्षांची होती. त्यांच्याकडे बायकोचे तरुणपणीचे ढीगभर फोटो होते. भिंतीवर हार घालायला त्यांनी निवडला तो शेवटच्या आजारातला, गालफडं बसलेला, ओठ सुकलेला. शेजारच्या बायकांनी सांगून पाहिलं, "भाऊ, चांगला लावा ना एखादा."

"शेवटी कशी होती?" त्यांनी विचारलं. "अशीच होती ना? मंग?"

त्या फोटोखाली बसून वर्षा चौदा वर्षं भाजी निवडत होती.

आता मासोळ्यांचं सांगते. त्या आल्या लहान पोरांसाठी. वर्षभराच्या पोराला कॅमेऱ्यासमोर बसवलं की ते रडणार, हे ठरलेलं. खुळखुळे, शिट्ट्या, आयांचे माकडचाळे, सगळं करून झाल्यावर वामनजींनी नागपूरहून काचेची एक पेटी आणि सोनेरी मासोळ्या आणल्या आणि कॅमेऱ्याच्या शेजारी ठेवल्या. पोरगं रडता रडता मासोळीकडे बघायचं, तोंड उघडं राहायचं आणि फोटो निघायचा. पहिल्या दोन मासोळ्या दुसऱ्याच दिवशी मेल्या. नळ आला होता, पेटीतलं पाणी गढूळ दिसलं, म्हणून बायकोने सगळं ओतून ताजं भरलं. तासाभरात दोघी उलट्या तरंगायला लागल्या.

आमच्याकडे नळ एक दिवस आड येतो. सकाळी साडेसहाच्या सुमाराला, पाऊण तास. नळ आला की गल्लीतल्या झाडून साऱ्या बाया कालचं उरलेलं पाणी नालीत ओततात आणि भांडी घासून नव्याने भरतात. कालचं ते शिळं. पाहुण्याला शिळं पाणी देणारी बाई आमच्यात फूहड, म्हणजे गबाळी ठरते. पण नळाच्या पाण्यात जंतू मारायची पावडर असते, वासानेही कळते. ती माणसाच्या पोटाला राखते आणि मासोळीचे कल्ले जाळते. हे वामनजींना कोणी सांगितलं नाही. त्यांनी स्वतःच डोकं चालवलं. फोटो पक्का करायला हायपो लागतो, खडीसाखरेसारखे खडे असतात त्याचे. हाच हायपो पावडरीचा जोर मारतो, हे त्यांना धंद्यातून ठाऊक होतं. डार्करूममध्ये पोतंभर पडला होता.

मग त्यांनी रीत बसवली. नळाचं पाणी रुंद तोंडाच्या चार निळ्या बादल्यांत भरायचं, मागच्या पडवीत सावलीला उघडं ठेवायचं, दोन दिवस. सकाळ-संध्याकाळ लाकडी दांडीने ढवळायचं, म्हणजे वास उडतो. पहिल्याच संध्याकाळी विरघळवलेल्या हायपोचे मोजून चार थेंब. दुसऱ्या संध्याकाळी काचेच्या नळीत थोडं पाणी घेऊन त्यात तपासायच्या बाटलीतले दोन थेंब टाकायचे. पिवळं झालं तर अजून विष आहे. पिवळं झालं नाही तर पाणी बसलं. तेही सगळं बदलायचं नाही, चौथा हिस्साच. आणि ओतायचं तांब्यातांब्याने, काचेच्या कडेकडेने, मासोळी दचकू नये असं.

"बसू दे," हा त्यांचा मंत्र होता. पाणी बसू दे. माणूस घाईत बोलला तरी "बसू दे जरा." माणसाचं मात्र ते कधी बसू देत नसत, लगेच ढवळायचे.

मोबाइल आले आणि फोटोचा धंदा बसला. पोरं रडायची थांबली नाहीत, फक्त आता आई-बाप घरीच फोटो काढायला लागले. वामनजींनी डार्करूममधल्या ट्रे आणि बाटल्या काढून तिथे मोठी काचपेटी बसवली. अकरा मासोळ्या. अंडी घातली, पिल्लं वाढली की एखाद्याला विकायचे, तेही उपकार केल्यासारखे. रोज सकाळी मासोळ्या मोजायचे. वर्षा जेवली की नाही हे मोजताना मी त्यांना पाहिलं नाही.

आणि त्या चार बादल्या उचलायच्या कोणी? वर्षाने. वामनजींच्या कमरेतली गादी सरकली होती. म्हणजे ते तसं म्हणायचे. "मले तांब्या उचलवत नाही वो," हे वाक्य मी बावीस वर्षांत इतक्यांदा ऐकलं, की माझ्याच कमरेत कळ यायची. एक दिवस आड पाणी भरणं, ढवळणं, थेंब, नळी लावून जुनं पाणी काढणं, सगळं तिच्याकडे. त्यामुळे ती कुठे दोन दिवस राहायला गेली नाही. मामाच्या घरचं लग्न असो की मैत्रिणीचं बाळंतपण, सकाळी जायचं आणि संध्याकाळी बादल्यांपाशी हजर. वर्षा सदतीस वर्षांची झाली होती. ती त्या घरातून निघेल की मासोळ्यांना पाणी घालत तिथेच म्हातारी होईल, एवढा एकच प्रश्न होता. सगळ्या गल्लीला दिसत होता, आणि तिच्या बापालाही दिसत होता.

स्थळं आली नव्हती असं नाही. बाविसाव्या वर्षी वामनजींनी तिचा फोटो स्वतः काढला. तीन वेळा काढला. सुरेख होता, मी पाहिला आहे. मध्यस्थाच्या हातात देताना म्हणाले, "फोटो बरा हाय. पोरगी पाहून घ्याल बाप्पा, मंग मले बोलू नका." मध्यस्थ कशाला बघायला येतोय? उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात, पण वामनजींची जीभ अशी चुकून उचलली जात नसे. नेम धरून उचलायचे.

रामाकोन्याच्या एका मास्तरीणबाईंची गोष्ट सांगते. शांत बाई, मूलबाळ नाही. वामनजींकडून दोन मासोळ्या नेल्या आणि चौथ्या दिवशी रडवेल्या होऊन परत आल्या. दोन्ही मेल्या होत्या.

"पाणी बसवलं होतं?" वामनजींनी विचारलं. दुकानात तेव्हा सहा-सात माणसं होती, आणि मीही.

"हो जी. तुमी सांगतलं तसंच. दोन दिवस."

"कशात?"

बाई जरा अभिमानानेच म्हणाल्या, "देवाघरच्या तांब्याच्या घागरीत. जिवाचं पाणी हाय, म्हनलं शुद्ध पायजे. चिंच लावून घासली होती मी."

तांबं मासोळीला सोसत नाही, हे वामनजींना माहीत होतं. देताना सांगायचं मात्र त्यांना सुचलं नव्हतं. प्लास्टिकच्या बादलीत ठेवा, एवढं एक वाक्य. ते खुर्चीवर मागे रेलले आणि दुकानभर ऐकू जाईल असं म्हणाले, "ऐका हो. बाईनं मासोळीले तीर्थ पाजलं. सरळ मोक्ष देल्ला! बाई, घरी कोणी म्हातारं-कोतारं हाय का? त्याईले नका पाजू बाप्पा."

माणसं हसली. मीही हसले, खोटं कशाला बोलू. बाईंनी पिशवीतल्या मेलेल्या मासोळ्या तशाच छातीशी धरल्या आणि निघाल्या. वर्षा मागच्या दाराने गेली आणि बसस्टँडच्या वळणावर त्यांना गाठून दोन जिवंत मासोळ्या देऊन आली. पाण्याची पिशवी ओढणीखाली धरून नेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजणी झाली. अकराच्या नऊ. वामनजी ओरडले नाहीत. आठ दिवस ते पोरीशी बोलले नाहीत आणि तिच्या हातचं जेवले नाहीत. ती ताट वाढायची, ते उठून हॉटेलात जायचे, जाताना तिला ऐकू जाईल असं मासोळ्यांशी बोलून. "येतो गं बायांनो. तुमीच हाय मले."

मग दिलीपरावांचं स्थळ आलं. तिगावला रेल्वेत रुळावर कामाला. पहिली बायको आजारात गेलेली, मूल नाही, वय चव्वेचाळीस, काळासावळा सरळ माणूस. पांढुर्ण्याहून त्यांची मोठी बहीण मध्यस्थाबरोबर त्यांना घेऊन येणार होती. वर्षाने ते ऐकलं तेव्हा ती माझ्याकडे येऊन म्हणाली, "ताई, निळा ब्लाऊज थोडा ढिला करून द्या ना, तंग होऊन राह्यला." एवढंच बोलली. पण मी शिवणकाम करणारी बाई आहे. इतक्या वर्षांत तिने स्वतःहून एक टाका मागितला नव्हता.

पाहुणे आले तो नळाचा दिवस नव्हता. मी मदतीला गेले होते. घर नीट दिसावं म्हणून वर्षाने पडवीतल्या साऱ्या बादल्यांवर ताटं झाकली होती. पिण्याची राखीव बादली निळी आणि मासोळ्यांच्याही निळ्या. पाहुणे आले की आधी पाणी, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. माठ तळाला गेलेला, मी घाईघाईने एका बादलीवरचं ताट सरकवलं आणि पाच पेले भरले. मान वर केली तर वामनजी दारात उभे. त्यांनी बादलीकडे पाहिलं, ट्रेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आणि हसले. बावीस वर्षांत ते माझ्याकडे बघून गोड हसले ते त्या दिवशी. मला वाटलं, लेकीच्या सुखाने हसतायत.

सगळ्यांचं पिऊन झालं. बहीणबाईंनी तर पेला पूर्ण रिकामा केला, उन्हातून आल्या होत्या.

"पाणी कसं लागलं?" वामनजींनी विचारलं.

"गोड हाय जी," बहीण म्हणाल्या.

"गोड राहीनच. मासोळ्याईचं हाय ते. दोन दिवसाचं शिळं. वरून फोटो धुवाचं औषध हाय त्यात." मग आतल्या दाराकडे हात करून, जिथे वर्षा पोह्यांच्या बशा घेऊन उभी होती, "आमच्या पोरीचं असंच हाय. पाहुण्याले का पाजाचं अन् मासोळीले का पाजाचं, अजून समजत नाही तिले. तुमी सांभाळून घ्यान म्हना."

चार थेंबांनी कोणी मरत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. बहीणबाई तोंडाला पदर लावून अंगणात गेल्या आणि तोंडात बोटं घालून ओकल्या. पोहे तसेच राहिले. मी ओरडून सांगत होते की चूक माझी आहे, पाणी मी भरलं, पण अशा वेळी शेजारणीचं कोण ऐकतं? जाताना बहीण मध्यस्थाला म्हणाल्या, "घरात बाई नसली का असंच होते."

ते गेल्यावर मी वर्षाचे पाय धरायचेच तेवढे बाकी ठेवले होते. ती बशा उचलत होती. तिने एकच विचारलं.

"ताई, बाबानं पाह्यलं होतं का तुमाले भरताना?"

मी हो म्हटलं. तिने मान हलवली आणि पोहे डब्यात भरले. त्या संध्याकाळी तिने बादल्या ढवळल्या, नळीत थेंब टाकले, ती उजेडात धरून बघितली. मी तिच्या जागी असते तर तपासायची बाटली बापाच्या चहात ओतली असती.

पंधरा दिवसांनी दिलीपराव एकटेच आले. पासपोर्ट फोटो काढायचा म्हणाले. वामनजींनी काढला आणि चार प्रती हातात ठेवल्या. चारही फोटोंत डोळे मिटलेले.

"मिटले वाटते," दिलीपराव म्हणाले.

"नाही. तू असाच दिसते," वामनजी म्हणाले.

तो माणूस हसला! खिशात फोटो घातले आणि वामनजींच्या खांद्यावरून आत बघत म्हणाला, "वर्षाबाई, पाणी चांगलं होतं. मी अजून जित्ता हाय." मग वामनजींकडे वळून, "माह्या बहिणीचं सोडा. लग्न मले कराचं हाय. मी विचारून राह्यलो तुमाले."

मी त्यांच्या दारात बसून हातशिलाई करत होते, माझा धागा तुटला. वर्षा आतून बाहेर आली आणि दाराला टेकून उभी राहिली. वामनजींना नाही म्हणता येईना, कारण मी आणि दोन गिऱ्हाइकं ऐकत होतो. ते कमरेवर हात ठेवून हळूच खुर्चीत बसले.

"ने," ते म्हणाले. "मी कुठी अडवून राह्यलो? पण मले तांब्या उचलवत नाही. या अकरा जिवाचं पाणी कोण करीन? दुसऱ्याच्या हातानं एक महिना जगल्या पायजे. एक बी मेली नाही तं ने. मेली तं मंग पोरगी कुठी जात नाही." मास्तरीणबाईंना गेलेल्या दोहोंची जागा तोवर पिल्लांनी भरली होती, मोजणी पुन्हा अकरावर आली होती.

"मी करीन," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ओ खांदा, बादली बी वाकडीच धरान तुमी."

महिनाभर मी ते पाणी केलं. वर्षाने शिकवलं, शेजारी उभी राहायची पण हात लावायची नाही, तशी अटच होती. वामनजी खुर्ची टाकून बसायचे. पहिले आठ दिवस त्यांनी माझा पार भुगा केला. ढवळते कशी, ओतते कशी, चार थेंब म्हणजे चार, पाचवा काय तुमच्या बापाचा? मला रात्रंदिवस मासोळ्या दिसायच्या. दुकानात बटनपट्टी लावताना मी मनात अकरापर्यंत मोजायची. वर्षाचं सगळं आयुष्य माझ्या हातातल्या एका काचेच्या नळीवर आलं होतं आणि मला भीती वाटायची, खरी भीती.

दुसऱ्या पंधरवड्यात ते बदलले. बोलणं कमी झालं. एकदा मी पाणी ओतत असताना म्हणाले, "हात चांगला हाय तुमचा." मला इतका आनंद झाला, की मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. आज त्या आनंदाची लाज वाटते. बावीस वर्षं ज्याने कुत्र्यासारखं हाडहाड केलं, त्याने एकदा गोंजारलं आणि माझी शेपूट हलली. वर्षा मात्र होती तशीच होती. दिलीपरावांचा फोन यायचा, ती पडवीत जाऊन बोलायची. तिने एक कापडी पिशवी भरून ठेवली होती, मला दाखवली. दोन साड्या, आईचा तरुणपणीचा एक फोटो.

सत्ताविसावा दिवस नळाचा होता. मी साडेसहाला मागच्या गल्लीने गेले, कारण स्टुडिओचं शटर नवाशिवाय उघडत नसे. वर्षा दूध आणायला गेली होती. अंगणात नळाची धार जोरात चालू होती आणि खाली बादली लावून वामनजी उभे होते. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, पोरगी जाणार म्हणून म्हातारा आतापासून सवय करतोय.

बादली काठोकाठ भरली. त्यांनी ती एका हाताने उचलली, कण्हले नाहीत, वाकले नाहीत, आणि डार्करूममध्ये जाऊन काचपेटीत ओतली. सगळी. पेटीतलं निम्मं पाणी त्यांनी आधीच काढून टाकलं होतं, फरशी ओली होती. मला कळेचना मी काय बघतेय. ते परत आले, दुसरी भरली.

"वामनजी, ते ताजं हाय! नळाचं हाय!" मी ओरडले.

"माहीत हाय," ते म्हणाले, आणि ओतली.

त्या दिवशी पावडरीचा वास अंगणापर्यंत येत होता. मी बसलेल्या पाण्याची बादली घेऊन आत धावले, तर ते दारात चौकटीला दोन्ही हात लावून उभे राहिले. मी ढकललं. म्हातारा हलेना. त्यांच्या काखेखालून मला पेटी दिसत होती. मासोळ्या आधी सैरावैरा धावल्या, मग वर आल्या, तोंडं पाण्याबाहेर काढून. मग एकेक आडवी होऊ लागली. किती वेळ गेला माहीत नाही, नळ मागे वाहतच होता. वामनजींची पाठ पेटीकडे होती. त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही.

"महिना कोणाचा होता?" ते मला हळू आवाजात म्हणाले. "तुमचा ना? सांगा मंग तिले. तुमच्या हातानं मेल्या."

वर्षा दुधाची किटली घेऊन मागच्या दारातून आली. तिला पाहून त्यांनी चौकट सोडली आणि कपाळावर हात मारला. "पाह्य वर्षा, पाह्य! या बाईनं माह्या मासोळ्या मारल्या!"

  त्यांच्या सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या, पेटीशी दोन रिकाम्या बादल्या पडल्या होत्या आणि माझ्या हातात बसलेल्या पाण्याची बादली होती. वर्षाने ते पाहिलं. पेटीत पाहिलं. तिने किटली खाली ठेवली.

तेवढ्यात वामनजी पहिल्यांदा पेटीकडे वळले. सगळ्यात मोठी मासोळी कडेला पडली होती, पण तिचे कल्ले अजून हलत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं सोंग गळून पडलं. ते गुडघ्यांवर बसले, दोन्ही हात पाण्यात घालून त्यांनी तिला सरळ धरलं आणि खरंच रडायला लागले. लहान पोरासारखे.

"मोठी जित्ती हाय! वर्षा, बसलेलं पाणी आण! लवकर! वाचते ते अजून! माही कंबर..."

वर्षा आत गेली आणि पिशवी घेऊन बाहेर आली.

"दोन बादल्या उचलल्या ना तुमी, बाबा," ती म्हणाली. "आता तिसरी बी उचला."

तिने चपला घातल्या आणि गेली. गल्लीच्या तोंडापर्यंत तिने मागे पाहिलं नाही. सकाळचे अकरा वाजायच्या आत ती तिगावला पोहोचली, हे मला नंतर कळलं.

मी पुढच्याच महिन्यात गाळा बदलला. त्यामुळे वामनजींचं मला जे शेवटचं आठवतं ते त्याच सकाळचं, वर्षा गेल्यानंतरचं.

बादली माझ्या हातातून मी खाली ठेवली होती, उंबऱ्यापाशी, त्यांच्यापासून चार पावलांवर. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "द्या ना वो बादली," म्हणाले. मी देऊ शकत होते. दिली असती तर मोठी बहुतेक वाचली असती, महिनाभर मी तेच शिकले होते. मी पदर खोचून उभी राहिले. ते मी उचलेन म्हणून थांबले आणि मी ते उचलतील म्हणून. त्यांच्या बोटांत मासोळी हळूहळू थांबली.

मग ते उठले. भरली बादली एका दमात उचलली, पेटीच्या काठाला टेकवली आणि ओतू लागले. हळू, काचेच्या कडेकडेने, मासोळ्या दचकू नयेत असं.